अत्तरदे सरांचं एकोणतिसावं उत्तर

आमच्या आसरखेड्यात देव आहे की नाही, हे नगरपरिषदेत शेवटचं पुस्तक कोणाचं जमा झालं आहे यावर ठरतं.

नियम साधा आहे. देव नाही असं सांगणारं पुस्तक जमा झालं, की पुढच्या कामाच्या दिवशी सकाळी साडेदहापासून गावाच्या हद्दीत देव नसतो. त्या पुस्तकाचं खंडन जमा झालं, की असतो. उत्तर द्यायला समोरच्या बाजूला पंचेचाळीस दिवस मिळतात. तेवढ्यात उत्तर आलं नाही तर शेवटची नोंद कायम होते, मग अपील नाही. नगरपरिषदेच्या दारात एक लोखंडी पाटी आहे, तिच्या एका बाजूला 'आहे' आणि दुसऱ्या बाजूला 'नाही' असं लिहिलेलं आहे. शिपाई ती फिरवतो.

'नाही' असताना देवळं बंद नसतात. आरती होते, प्रसाद वाटतात. फक्त मागितलेलं पोचत नाही. लोकांना याची सवय झाली आहे. नळाला पाणी एक दिवसाआड येतं, देव पंचेचाळीस दिवसांआड असतो, त्या हिशेबानं माणसं साखरपुडे, निकाल, बाळंतपणं बसवून घेतात.

हे सगळं सात वर्षांपूर्वी सुरू झालं. 'ऐकणारं कोणी नाही' नावाचं एक पुस्तक तेव्हा निघालं आणि फार खपलं. त्याचे लेखक मूळचे आमच्याच गावचे, म्हणून त्यांनी पहिली प्रत नगरपरिषदेत जमा केली. त्यावर आस्तिक संघाच्या पद्माकर गर्ग्यांनी खंडन लिहिलं. गर्गे तालुका कोर्टात लघुलेखक होते, निवृत्त झाल्यावर त्यांच्याकडे वेळ होता. खंडनाला उत्तर द्या असं नगरपरिषदेनं लेखकांना कळवलं, तेव्हा त्यांचं पुण्याहून पत्र आलं, की आपण आता त्या विषयातून बाहेर पडलो आहोत आणि मधुमेहावर लिहितो. म्हणून उत्तराची जबाबदारी गावातल्या बुद्धिवादी मंडळावर आली.

मंडळात तेव्हा एकोणीस जण होते. आता दोन राहिले होते. एक मुरलीधर अत्तरदे सर, ज्यांनी हायस्कुलात चौतीस वर्षं भौतिकशास्त्र शिकवलं. दुसऱ्या इंदूताई नारखेडे, सरकारी दवाखान्यातल्या निवृत्त मुख्य परिचारिका. सर उत्तरं लिहायचे, इंदूताई मुद्रितं तपासायच्या. अशी अठ्ठावीस उत्तरं झाली होती.

जूनच्या पहिल्या आठवड्यात गर्ग्यांचं एकोणतिसावं खंडन आलं. तीनशे बारा पानं. पाटी 'आहे' झाली. दुपारी इंदूताई सरांकडे आल्या तेव्हा सर टेबलाशी पेन्सिल घेऊन बसले होते.

"काय म्हणतायत या वेळी?" त्यांनी विचारलं.

"घड्याळ आहे."

"परत?"

"पान सतरा. घड्याळ आहे म्हणजे घड्याळजी असलाच पाहिजे."

"आपण काय म्हटलं होतं त्यावर?"

"आठव्या उत्तरात म्हटलंय. पंधराव्यातही म्हटलंय. बाविसाव्यात मी नुसता पान नंबर दिला होता."

इंदूताईंनी चष्मा पुसला. "आपल्याला उद्धट म्हटलंय का?"

"नाही. या वेळी थकलेले म्हटलंय."

आधीच्या आरोपांना त्यांच्याकडे उत्तर असायचं. हा आरोप सरांनी पेन्सिलीनं अधोरेखित केला आणि समासात काहीच लिहिलं नाही.

तरी काम सुरू झालं. सर रोज सकाळी दोन पानं लिहायचे. पूर्वी त्यांना खंडन वाचताना राग यायचा आणि रागात वाक्यं भराभर सुचायची. आता गर्ग्यांचं वाक्य अर्धं वाचलं की उरलेलं अर्धं त्यांना पाठ असायचं. आपलं उत्तरही पाठ असायचं. ते फक्त उतरवून काढायचं होतं.

सदतिसाव्या दिवशी शेजारची शोभा फेगडे आली. शोभा अंगणवाडीत शिकवते. तिच्या नवऱ्याच्या, रमाकांतच्या, मूत्रपिंडात गाठ निघाली होती. तिनं चप्पल बाहेर काढली आणि उंबऱ्याच्या आत उभं राहूनच बोलायला सुरुवात केली.

"सर, उत्तर कधी देणार तुम्ही?"

"पंचेचाळिसाव्या दिवशी. नेहमीसारखं."

"ह्यांचं ऑपरेशन अठ्ठेचाळिसाव्या दिवशी आहे. नाशिकला."

"तारीख बदलून मिळणार नाही?"

"तो डॉक्टर महिन्यातून एकदाच येतो. गाठ महिनाभर ठेवायची नाही म्हणाले."

सरांनी तिला बसायला सांगितलं. ती बसली नाही.

"नाशिकला काय परिस्थिती आहे?" सरांनी विचारलं.

"तिथं कोणालाच काही सांगता येत नाही. पुस्तकं फार येतात म्हणे तिथं. पण मी चौकशी केली नगरपरिषदेत. राहण्याचा पत्ता धरतात. आपला पत्ता इथला आहे."

"तू आधीच मागून ठेव. अजून आठ दिवस आहेत."

"मागितलंय. पण त्या दिवशी लक्ष ठेवायला कोणी नको का, सर?" तिनं पदर नीट केला. "तीन दिवस उशीर करा. तुम्हाला काय, तुम्ही तर मानतच नाही."

सरांनी तिला नियम सांगितला. एक दिवस जरी उशीर झाला तरी नोंद कायमची होते. सात वर्षांची अठ्ठावीस उत्तरं रद्दीत जातात. शोभानं सगळं ऐकून घेतलं. ती रडली नाही, वादही घातला नाही. "बघा," एवढंच म्हणाली आणि चप्पल घालून गेली.

त्या दिवशी सरांची दोन पानं झाली नाहीत. दुसऱ्या दिवशीही झाली नाहीत. उशीर करायचा नाही आणि उत्तरही द्यायचं नाही, असा काही मार्ग नियमांत आहे का, हे त्यांनी नियमावली काढून पाहिलं. एक होता. खंडनकर्त्यानं स्वतःच मुदतीच्या आत बारा किंवा जास्त पानांचं शुद्धिपत्र जोडलं, तर ते नवं पुस्तक धरलं जातं आणि पंचेचाळीस दिवस पहिल्यापासून मोजतात.

चाळिसाव्या दिवशी सर गर्ग्यांच्या घरी गेले. सात वर्षांत पहिल्यांदाच. गर्गे ओसरीवर आरामखुर्चीत बसले होते, एका डोळ्यावर हिरवी पट्टी होती.

"कोण?" त्यांनी विचारलं.

"अत्तरदे."

गर्गे थोडे सरसावून बसले. "उत्तर घेऊन आलात? ते नगरपरिषदेत द्यायचं असतं."

"उत्तर झालं नाही अजून. तुमच्याकडे काम आहे."

सरांनी शोभाची अडचण सांगितली आणि शुद्धिपत्राचं कलमही सांगितलं. गर्ग्यांनी मान हलवली.

"मला जमणार नाही. मोतीबिंदू काढलाय, दुसरा डोळाही गेल्यातच जमा आहे. हे एकोणतिसावं मी सुनेला सांगून लिहून घेतलं. तीही कंटाळली. खरं सांगू का, मला वाटलं होतं या वेळी तुम्ही उत्तर देणार नाही."

"का?"

"तुमच्या अठ्ठाविसाव्यात नवीन काहीच नव्हतं. म्हटलं, दमला माणूस. आता संपेल."

"मला तुमच्या सत्ताविसाव्यापासून तसंच वाटत होतं," सर म्हणाले.

गर्गे हसले नाहीत. "मग तुम्ही गप्प का बसला नाहीत?"

"मी गप्प बसलो असतो तर कायमचं 'आहे' झालं असतं."

"आणि मी बसलो असतो तर कायमचं 'नाही'. माझी आई रोज संध्याकाळी तुळशीपुढे उभी राहून काहीतरी पुटपुटायची. ती गेली त्याला चाळीस वर्षं झाली. ते सगळं वाया गेलं असं माझ्या हातून ठरायला नको होतं."

सुनेनं चहा आणून ठेवला. दोघांनी तो घेतला. मग सर म्हणाले, "शुद्धिपत्र मी लिहितो. तुम्ही सही करा."

"तुम्ही? माझ्या बाजूनं?"

"तुमचं लिखाण माझ्याइतकं कोणी वाचलेलं नाही. चुका मला ठाऊक आहेत. नीट करून देतो."

गर्ग्यांनी रिकामा कप खाली ठेवला. "घड्याळ तेवढं राहू द्या," असं म्हणाले.

सरांनी चार दिवसांत बारा पानं लिहिली. काम सोपं होतं. कुठे मुद्दा ढिला आहे, कुठे आपण त्यांना पकडलं होतं, हे सगळं त्यांच्या डोळ्यांपुढे होतं. नवव्या पानावर त्यांनी गर्ग्यांच्या कोर्टातल्या भाषेत एक परिच्छेद लिहिला. मागणाऱ्याचं ऐकलं गेलं की नाही, याची साक्ष मागणाराच देऊ शकतो. ज्यानं जन्मात काही मागितलं नाही, त्यानं ती साक्ष खोटी म्हणणं म्हणजे घटनास्थळी हजर नसलेल्यानं जबानी देणं होय.

एवढं लिहून सर थांबले. यावर उत्तर होतं, याची त्यांना खात्री होती. पण ते कुठून सुरू होतं हे त्यांना दिसेना. पूर्वी समोरच्याचं वाक्य संपायच्या आत त्यांचं उत्तर तयार असायचं. आपण खरंच कधी काही मागितलं होतं का, हे त्यांनी आठवून पाहिलं. बायको वारली तेव्हाही त्यांनी मागितलं नव्हतं. तेव्हा पाटी 'आहे' होती. त्यांनी परिच्छेद खोडला नाही. उरलेली तीन पानं पूर्ण केली आणि गर्ग्यांची सही आणली.

चव्वेचाळिसाव्या दिवशी ते नगरपरिषदेत गेले. नोंदणीच्या खिडकीत सोनवणे मॅडम होत्या. त्यांनी शुद्धिपत्र चाळलं.

"गर्ग्यांचं शुद्धिपत्र तुम्ही कसं आणलं?"

"त्यांना दिसत नाही."

"अक्षर तुमचं आहे."

"हो. मी लिहिलंय, सही त्यांची आहे. चालतं ना?"

मॅडमनी नियमावली पाहिली. कोणी लिहायचं याबद्दल तीत काही नव्हतं. त्यांनी क्रमांक एकोणतीस-अ घातला, शिक्का मारला, आणि पुस्तक शुद्धिपत्रासह पुन्हा सरांकडे सरकवलं. सोबत पोचपावती होती. तिच्यावर छापलेलं होतं, 'पुस्तक मिळाले व वाचून झाले.' त्याखाली सही करायची आणि त्या तारखेपासून मुदत मोजायची. अशा एकोणतीस पावत्यांवर सरांनी याच खिडकीत उभ्या उभ्या सही केली होती.

या वेळी त्यांनी चष्मा लावून पावती वाचली.

"मॅडम, मिळालंय. पण वाचून झालेलं नाही."

"सर, गेल्या महिन्यात तुम्ही याच पुस्तकावर सही केलीत."

"ती चुकीची केली. उत्तर शोधायला मी पानं उलटतो, त्याला वाचणं म्हणत नाहीत. मुलांना मी हेच सांगायचो."

"आणि शुद्धिपत्र? ते तर तुम्हीच लिहिलंय."

"लिहिलंय. वाचायचं राहिलंय."

मॅडमनी मुख्याधिकाऱ्यांना फोन लावला. पाच मिनिटं बोलणं झालं. मग त्यांनी पट्टी धरून 'व वाचून झाले' एवढ्या शब्दांवर रेघ मारली आणि म्हणाल्या, "वाचून झालं की येऊन कळवा. मुदत तेव्हापासून. तोपर्यंत नोंद आहे तशी राहील."

"कायम?"

"कायम नाही. आहे तशी."

इंदूताईंना हे कळलं तेव्हा त्या सरळ सरांकडे आल्या आणि बसायच्या आधीच बोलल्या. "मंडळात दोन माणसं आहेत, सर. दुसऱ्याला विचारायला किती वेळ लागतो?"

"विचारलं असतं तर तुम्ही नको म्हणाला असतात."

"म्हटलं असतं. त्या डॉक्टरला मी ओळखते. त्याचा हात चांगला आहे. रमाकांत तसाही बरा होणार आहे."

"मला माहीत होतं," सर म्हणाले. "शोभाला माहीत नव्हतं."

"म्हणजे आता तुमचं वाचन संपेपर्यंत गावात देव आहे."

"हो."

इंदूताईंनी मुद्रितांची पिशवी टेबलावर ठेवली आणि चहा न घेता गेल्या. दीड महिना त्या फिरकल्या नाहीत.

ऑपरेशन चार तास चाललं. एक मूत्रपिंड काढावं लागलं. रमाकांत अकराव्या दिवशी घरी आला, फार वाळला होता, पण जेवत होता. शोभानं देवळात पेढे ठेवले आणि सरांकडेही आणून दिले. कोणामुळे बरं झालं यावर ती काही बोलली नाही, सरांनीही विचारलं नाही. पेढे बरे होते.

सर आता रोज दुपारी चारला गर्ग्यांच्या ओसरीवर जातात आणि मोठ्यानं वाचतात, कारण गर्ग्यांना स्वतःला वाचता येत नाही आणि आपण काय लिहिलं ते त्यांना ऐकायचं आहे. येता-जाता लोक "हळूहळू होऊ द्या, सर," असं सांगून जातात. नगरपरिषदेचं दर महिन्याला पत्र येतं, त्याला सर 'वाचन चालू आहे' असं उत्तर पाठवतात.

ऑगस्टच्या शेवटी एका दुपारी इंदूताई ओसरीवर आल्या. गर्ग्यांच्या सुनेनं त्यांना खुर्ची दिली. सर वाचत होते. एका वाक्यापाशी गर्ग्यांनी हात वर केला.

"हे मी लिहिलंय?"

"हो."

"याला काही अर्थ नाही."

"नाही," सर म्हणाले.

"मग तुम्ही हे पकडलंत कसं नाही?"

"माझ्या लक्षात आलं नव्हतं. मला वाटलं, तुम्हाला नेहमीचंच म्हणायचंय."

"मलाही तसंच वाटलं असणार," गर्गे म्हणाले आणि पट्टी नसलेला डोळा मिटून घेतला.

इंदूताईंनी पुस्तकाकडे पाहिलं. "किती पानं झाली, सर?"

"एकतीस."

"नवीन काही आहे?"

सरांनी जरा विचार केला. "अजून सांगता येत नाही."

इंदूताईंनी खुर्ची थोडी पुढे ओढली. "मग सुरुवातीपासून घ्या," त्या म्हणाल्या. "मी पहिली तीस ऐकलेली नाहीत."

सरांनी पुस्तक मिटलं आणि पान एक काढलं.