कावळा आणि सेतुमाधवराव

एरवी शनिवारी दुपारपर्यंत लोळणारा देवेश त्या दिवशी सकाळीच चहाचा कप घेऊन गच्चीवर आला आणि जागच्या जागी थिजला. घरमालकीण रंजनी कठड्यावर भाताची मूद ठेवून, हात जोडून कावळ्याला बोलावत होती.

देवेशसारख्या बारामतीकडच्या माणसाला यापुढे काही सांगावं लागत नाही. भात, कावळा आणि जोडलेले हात, म्हणजे घरातलं कोणीतरी गेलं. कोण, हेही उघड होतं. खाली ओसरीवरची तिच्या सासऱ्यांची, सेतुमाधवरावांची खुर्ची दोन दिवस रिकामी होती.

तमिळ मुलखातल्या या वेस्ट मांबलममध्ये एकट्या मुलाला खोली कोण देतो? दारोदार नकार खाल्ल्यावर या म्हाताऱ्यानंच सुनेची समजूत घालून वरची खोली दिली होती. घर तंजावरकडचं जुनं मराठी. पण मुलगा बदलीवर मदुराईला, सून तमिळमध्येच रमलेली. म्हाताऱ्याची अट एकच होती, "संध्याकाळीं घटकाभर मजशीं मराठी बोलावें." आणि हा पठ्ठ्या महिनाभर कानाला हेडफोन लावून, "मीटिंग आहे आजोबा, उद्या नक्की," म्हणत जिना चढत होता. मीटिंग कसली डोंबलाची, वर जाऊन मॅच बघायचा.

रंजनी लगबगीनं खाली गेली, दाराला कुलूप लावून ऑटोत बसली. हॉस्पिटलात निघाली असणार, देवेशनं ताडलं.

कावळा मात्र येईना. दूर बसून मान वाकडी करून नुसता बघत होता. इच्छा राहिली असली की कावळा शिवत नाही, आणि ती इच्छा कोणती हे देवेशइतकं कोणाला ठाऊक? त्यानं कप खाली ठेवला, हात जोडले आणि पुटपुटला, "चुकलो आजोबा. रोज बसेन तुमच्याजवळ." कावळ्यानं टुणकन येऊन भात उचलला. देवेशला रडूच कोसळलं.

त्यानं गावी आईला फोन लावला.

"आज दहावा आहे का?" आईनं विचारलं.

"दहावा कसला? परवा तर दिसले होते."

"मग कावळा आत्ताच कसा?"

"इकडे लवकर करत असतील."

"असेल बाबा, मुलखावेगळी रीत. पण तू वर बसून काय करतोस? चार माणसांना कळव. एवढं तरी कर त्यांच्यासाठी."

त्यानं गल्लीच्या ग्रुपवर कळवलं. नुसतं 'गेले' लिहून थांबला असता तरी निभावलं असतं. पण मन खात असलं की माणूस जरा जास्तच लिहितो. 'आम्ही रोज संध्याकाळी तासन्‌तास बोलायचो. त्यांच्या गोष्टी ऐकल्याशिवाय मला झोप यायची नाही.'

गल्ली मोठी मायाळू. समोरच्या विद्यालक्ष्मी मामी कॉफीचा थर्मास घेऊन आल्या. गल्लीतल्या कुठल्याही कामात पुढे असणाऱ्या विश्वेशनं प्लॅस्टिकच्या खुर्च्या मागवल्या, हार आणला, देह ठेवायची फ्रीझरची पेटीही मागवली. दाराला कुलूप पाहून सगळ्यांनी ठरवलं, मंडळी हॉस्पिटलातून आणायला गेली आहेत. आत रंजनीचा विसरलेला फोन सारखा वाजत होता. तिकडे ग्रुपवर वाचून मदुराईहून मुलगा वेंकट रडत टॅक्सीनं निघालासुद्धा.

"तुझ्यावर फार जीव होता ना त्यांचा?" मामींनी देवेशच्या पाठीवरून हात फिरवला. देवेशनं मान हलवली. स्वतःची लाज वाटत होती, तरी हलवली.

तेवढ्यात ऑटो थांबला. आधी रंजनी उतरली आणि मग हातात पिशवी घेऊन सेतुमाधवराव. कुंभकोणमला मुलीकडे गेलेल्या सासऱ्यांना आणायला ती मांबलम स्टेशनवर गेली होती.

"कोण गेलें?" पेटीकडे पाहत त्यांनी विचारलं.

विश्वेशनं हार पाठीमागे लपवला. मग सगळ्यांनी देवेशकडे पाहिलं.

"तो भात..." देवेश चाचरला. "कावळ्याला..."

"तो मी रोज ठेवते," रंजनी म्हणाली. "कावळ्याला घातल्याशिवाय आमच्यात कोणी जेवत नाही. मामंजी, मी म्हटलं होतं, एकटा मुलगा नको. आज सामान बांधू दे याला."

सेतुमाधवरावांनी विश्वेशचा फोन घेतला, चष्मा लावला आणि देवेशनं लिहिलेलं सावकाश वाचलं. मग पुन्हा वाचलं. मेलेलं तिथे कोणीच नव्हतं, पण देवेशला मेल्याहून मेल्यासारखं झालं. खोली जाते तर जाऊ दे, म्हाताऱ्यानं ते तिसऱ्यांदा वाचू नये, एवढंच त्याला वाटत होतं.

"आधीं वेंकटाला मी आहें म्हणून सांग," ते सुनेला म्हणाले. "आणि हा राहूं दे. आम्हां दोघांस कॉफी आण."

ते भाड्याच्या एका खुर्चीत टेकले आणि शेजारच्या खुर्चीवर थोपटून देवेशला म्हणाले, "बसा हो. परवां कोठवर आलों होतों आपण?"

देवेशला मान वर करवेना. "आजोबा, परवा आपण..."

"तासन्‌तास बोलत होतों म्हणे. माझें वय झालें, मज कांहींच आठवत नाहीं. मी काय काय बोललों, तें तुम्हीच सांगा."