सातव्या घरातली कवटी

एका जंगलात वाघ एकच होता, पण समित्या सतरा होत्या. बसा नीट, शेपट्या आवरा, म्हणजे सांगतो.

त्या जंगलात भागूआजी नावाची म्हातारी अस्वलीण राहायची. कुठली अळंबी खावी आणि कुठली खाल्ली की खाणारा आडवा होतो, हे तिच्याइतकं कुणाला ठाऊक नव्हतं. गेल्या साली नदीपलीकडच्या चंद्री रानडुकरिणीची दोन पिल्लं पांढऱ्या टोपीची अळंबी खाऊन गेली. आजीला निरोप मिळेपर्यंत सगळं आटोपलं होतं. तेव्हापासून म्हातारीचा जीव थाऱ्यावर नव्हता. चंद्रीचं एकच पिल्लू उरलं होतं. अळंबी पुन्हा उगवायच्या आत सगळं पुस्तकात लिहून पलीकडे धाडायचं, असं तिने ठरवलं.

त्या जंगलात पुस्तकं पाटीवर वाचत. दगडी पाटी नव्हे रे, चकचकीत, उजेड पडणारी! आणि प्रत्येक अक्षराला अक्षर-समितीच्या तक्त्यात एक घर होतं. 'क' कुठल्याही पाटीवर 'क'च दिसायचा, कारण त्याचं घर ठरलेलं. तक्त्याच्या शेवटी मात्र काही घरं रिकामी होती. त्यांच्यावर लिहिलं होतं : 'खासगी. ज्याने त्याने आपापलं काय ते मांडावं. समिती जबाबदार नाही.'

आजीने लिहिलेलं बाड घेऊन पानं जुळवणाऱ्या अच्युतराव वानराला गाठलं.

"विषारी अळंब्यांपुढे 'विषारी' असं लिहा," आजी म्हणाली.

"अहो आजी, अक्षरं कोण वाचतं हल्ली? कवटी टाकू. झकास दिसते."

"कवटीला तक्त्यात घर आहे का?"

"नसेना का! खासगीतलं सातवं घर रिकामं आहे. तिथे बसवतो."

"आणि पलीकडच्यांना ती दिसायची कशी?"

"त्यांच्या पाटीत माझा फॉन्ट, माझा अक्षरांचा साचा, असला की दिसते."

"मग फॉन्ट पुस्तकाच्या पोटात बांधून द्या की!"

अच्युतरावांनी छातीवर हात ठेवला. "आजी, फॉन्ट म्हणजे माझी पोटची पोर. अशी कुणाहीबरोबर पाठवत नसतो."

आजीला ते काही पटलं नाही. पण पानं जुळवणारा जंगलात एकच होता, आणि अळंबी काही थांबणार नव्हती. तिने बाड त्यांच्या हाती दिलं. तिथेच चुकली बिचारी.

पुस्तक पलीकडे गेलं. समिती खूश झाली. अध्यक्ष बळवंतराव गवा म्हणाले, "प्रकाशन पलीकडच्या काठावर करू. जेवणही तिकडेच." सगळी समिती होडीत बसली. लेखिकेला बोलवायची पद्धत त्या जंगलात नव्हती, त्यामुळे आजी घरीच राहिली.

प्रकाशनाच्या दिवशी सकाळी चंद्री पिल्लाला पाठीवर घेऊन नदी पोहून आली. हातात सासूबाईंची जुनीपुराणी पाटी. सगळा काठ त्या पाटीला हसायचा.

"आजी, हसू नका हं. पांढऱ्या टोपीपुढे माझ्या पाटीवर नुसता रिकामा चौकोन येतो. शेजारीण म्हणते, फेक तो डबा. पण मी म्हटलं, दोन लेकरं घालवलीत, विचारून तर येऊ."

आजीने चौकोन पाहिला.

"आणि शेजारणीच्या पाटीवर काय येतं गं?"

"भरलेलं केळीचं पान! मेजवानीच्या आचाऱ्यांचा फॉन्ट आहे ना आमच्याकडे सगळ्यांच्या पाटीत, या डब्यात तेवढा नाही. त्यांनी सातव्या घरात पान मांडलंय. म्हणून तर आज पांढऱ्या टोपीचीच भाजी आहे, पाहुण्यांसाठी खास."

"अगं बाई गं!" आजी ओरडली आणि गुडघे विसरून तिने नदीत उडी मारली.

पलीकडे पहिली पंगत पाहुण्यांची होती. बळवंतराव तिसऱ्यांदा भाजी मागत होते. मुलांची पंगत दुसरी, ती नुकतीच बसत होती, वाढपी त्यांच्याकडे वळला होता. ओलीचिंब अस्वलीण मांडवात घुसली आणि तिने पातेल्याला अशी लाथ घातली की भाजी थेट अच्युतरावांच्या डोक्यावर.

"कवटी आहे मेल्यांनो ती! कवटी!"

मुलांच्या पानात एक घासही पडला नाही. समितीला आजीने काढा पाजला आणि उलट्या करवल्या. तीन दिवस सगळी समिती झुडपामागे होती. बळवंतरावांना चौथा दिवस लागला. मेलं मात्र कुणी नाही.

पाचव्या दिवशी समितीची तातडीची बैठक झाली. आजी आशेने दाराशी बसली होती. आता तरी फॉन्ट बांधून देतील, नाहीतर 'विषारी' हा शब्द छापतील, एवढंच तिचं मागणं होतं.

बळवंतराव बसक्या आवाजात म्हणाले, "घडलं ते वाईट घडलं. पण कवटीचं रेखाटन अप्रतिम होतं. अच्युतरावांना शाल देऊ."

टाळ्या झाल्या.

"दुसरं म्हणजे, या जंगलात एका पाटीवर रिकामा चौकोन दिसतो, असं कानावर आलंय. बाहेरचे काय म्हणतील? आपल्या जंगलात कुठल्याही पाटीवर काही ना काही चित्र दिसलंच पाहिजे. ती पाटी जप्त करा."

पुन्हा टाळ्या. आजीने कपाळावर हात मारला आणि उठली.

शिपाई तरस चंद्रीकडे गेला. त्याने सगळं घर उलटंपालटं केलं. पाटी मिळाली नाही. ती आजीच्या गुहेत वाळक्या पानांखाली होती. अळंबी भराने उगवायला लागली, तसा त्या काठावरच्या बायकांना रोज नदीत पोहायचा नाद लागला. आपापल्या चकचकीत पाट्या घरी ठेवून त्या यायच्या, जुन्या पाटीवर कुठे चौकोन दिसतो ते बघायच्या आणि तेवढी अळंबी सोडून बाकीची शिजवायच्या. शेजारीण सर्वांत आधी यायची.

तात्पर्य : आपल्याला कळत नाही, हे कधीही कबूल करू नये. कबूल केल्याने पोरं वाचतात, पण समितीवर कुणी घेत नाही.