खोब्रागडेभाऊंचा जुना प्रोग्राम

कॉम्प्युटरने पडद्यावर काही विचारलं, की खोब्रागडेभाऊ आधी त्याला तोंडी उत्तर देत आणि मगच बटण दाबत. ‘दुसरी फ्लॉपी घाला’ असं इंग्रजीत उमटलं, की म्हणत, “घालतो न बाप्पा, घाई काहून करून राहिला?”

ही सत्त्याऐंशी-अठ्ठ्याऐंशीची गोष्ट. नागपुरातल्या आमच्या शेतकी कचेरीत एकच कॉम्प्युटर होता आणि एसी फक्त त्याच्या खोलीला. चपला बाहेर काढून आत जायचं. भाऊ मूळचे टायपिस्ट, आता या खोलीचे राखणदार. रोज संध्याकाळी ते सगळ्यांच्या कामाच्या नकला फ्लॉप्यांवर उतरवत. त्यांचा जुना प्रोग्राम प्रत्येक फाइलचं नाव दाखवी आणि भाऊ ते हजेरीसारखं मोठ्याने वाचत. पाऊण तास जाई.

मी तेव्हा भिवापुरी मिरचीच्या रोगांवर पीएच.डी. करत होतो. म्हणजे भाऊ जेवणाच्या सुट्टीत माझा प्रबंध टाइप करत आणि मी शेजारी बसून त्यांच्याच डब्यातला झुणका खात चुका काढत असे. पदवीच्या आधीच ते मला ‘डॉक्टर’ म्हणायचे. मी कधी हरकत घेतली नाही.

प्रबंध टाइप होऊन झाल्यावर अशा मी, दीडशहाण्याने, पुण्याहून बॅकअपच्या प्रोग्रामचं नवं व्हर्जन आणलं. काम दहा मिनिटांत, फ्लॉप्या निम्म्या, नावंबिवं काही नाही.

“हे मुक्यानं काय करून राहिलं, मले कसं समजन?” भाऊ म्हणाले. “अन् एखादी फ्लॉपी सडली तर?”

मी त्यांना प्रगतीवर व्याख्यान दिलं. वाचलेला वेळ त्यातच गेला.

मे महिन्यात, प्रबंध द्यायला चार दिवस उरले असताना, कॉम्प्युटरची डिस्क बसली. मी ऐटीत नव्या फ्लॉप्या घातल्या. पाचांतली तिसरी खराब निघाली आणि नव्या प्रोग्रामने सगळंच नाकारलं. तीन वर्षांचं काम! मी तसाच उठून अंगणात गेलो. चपला राहिल्या, हे तळपाय भाजल्यावर कळलं.

भाऊ दारात आले. “आत ये गा डॉक्टर. माह्यापाशी आहे.”

जुना प्रोग्राम आणि त्यावर काढलेली शेवटची नक्कल त्यांनी कपाटात फडक्यात गुंडाळून ठेवली होती. त्यातलीही एक फ्लॉपी सडलेली निघाली. जुन्या प्रोग्रामने तेवढी सोडली आणि तो पुढे गेला. दोन तक्ते गेले, बाकी प्रबंध आला. भाऊ एकेका प्रकरणाची हजेरी घेत होते आणि मला रडू येत होतं.

खात्री करायला मी पहिलं पान उघडलं. ‘खोब्रागडेभाऊंशिवाय हा प्रबंध पुरा झाला नसता.’ हे मी लिहिलं होतं, आणि विसरलोही होतो. नंतर भाऊ रजेवर असताना मी ते पान बदललं होतं, दोन बोटांनी टाइप करून. भाऊंच्या जागी कचेरीच्या साहेबांचे, साहेबांच्या पत्नीचे आणि त्यांच्या चहाचे आभार मानले होते.

मला फार शरम वाटली. “भाऊ, आता हेच पान जाईल.”

“राहू दे गा, साहेब नाराज होतीन. तुझं नवंच लाव.” त्यांनी फ्लॉपी जपून पाकिटात घातली. “घरी तर कोणी नाई आपल्याले. रोज जाताना हे एक पान पाहून घेतो अन् मंग कुलूप लावतो. तुझा नवा प्रोग्राम ते उघडत नाई न.”