लेथ नंबर चारची रजा

कारभारी औताडेची नोकरी पक्की होणार की जाणार, हे त्या दिवशी संध्याकाळपर्यंत ठरणार होतं. दौलताबादची सोयरीकही तेवढ्यावरच अडली होती. आणि नेमक्या त्याच दिवशी कारखान्यातल्या साऱ्या मशिनींनी रजेचे अर्ज टाकले!

त्याचं असं झालं. चिकलठाण्याच्या त्या नटबोल्टच्या कारखान्यात कॉम्प्युटर येऊन सहा महिने झाले होते, आणि कारभारीलाही तितकेच. अख्ख्या हर्सूलमध्ये कॉम्प्युटरला हात लावलेला हा एकच गडी, म्हणून त्याची आई त्याला रोज सकाळी 'शॉकबिक बसंल, जपून' असं बजावायची. त्या दुपारी क्रांती चौकातून नामांतराचा मोर्चा निघणार होता. कंत्राटी कामगारांना मोर्चाला जायचं होतं आणि मॅनेजर नानासाहेब रजा द्यायला तयारही होते. पण कॉम्प्युटरच्या लेखी रजा मागणं फक्त कायम कामगारांनाच ठाऊक होतं.

"मग कंत्राटी लोकांनाही शिकव," नानासाहेब म्हणाले. "पण कॉम्प्युटर बंद करायचा नाही. गाडीत माल भरायच्या चिठ्ठ्या निघतायत."

"बंद कशाला करायचा साहेब?" कारभारीला चेव चढला. "कॉम्प्युटरची ही नवी भाषा लई न्यारी हाय. रजा मागायची सवय एकदाच लिवायची, अन् प्रोग्राम चालू असतानाच पायजे त्या वर्गाला चिकटवायची. चालत्या बैलावर झूल टाकावी तसं!"

झूल पडली, पण भलत्याच ठिकाणी. कॉम्प्युटरमध्ये कायम कामगार, कंत्राटी कामगार आणि मशीन असे तीन वर्ग होते, आणि तिघांच्या डोक्यावर 'हजेरी' नावाचा थोरला वर्ग. थोरल्याला जे द्यावं ते खालच्या तिघांना आपोआप मिळायचं. घाईघाईत कारभारीनं ती सवय थोरल्यालाच चिकटवली. वर्षभरात रजा घेतली नसेल तर अर्ज आपोआप छापायचा आणि कारण दिलं नसेल तर 'घरी लग्नकार्य' लिहायचं, अशी ती सवय होती. मशिनींनी बापजन्मात रजा घेतली नव्हती. प्रिंटर कुरकुरत सुटला.

टायपिस्ट सत्यभामाबाईंनी कागद फाडले, सहीसाठी थांबलेल्या बाकीच्या कागदांसोबत गठ्ठा केला आणि साहेबांपुढे ठेवला. नानासाहेबांनी डाव्या हातानं फोन धरला, उजव्या हातानं सह्या ठोकल्या आणि मिशीत हसत चहा मागवला. मंजूर अर्ज लगोलग खाली ज्याच्या त्याच्या जागी पोचते झाले.

जेवणाची सुट्टी संपली तरी कारखान्यात खुट्ट वाजेना. नानासाहेब धावत खाली गेले. लेथ नंबर चारला हळदकुंकू लावून तिथला कामगार कडूबा शेजारी बिडी ओढत बसला होता. कंत्राटी मंडळी मोर्चाला गेली होती आणि बाकीचीही आपापल्या मशीनपाशी निवांत बसली होती.

"अरे, मशीन बंद का?"

"मशीन रजेवर हाय साहेब." कडूबानं कागद पुढं केला. अर्जदार, लेथ क्रमांक चार. कारण, घरी लग्नकार्य. खाली मंजूर, आणि नानासाहेबांची झोकदार सही.

"डोकं फिरलंय का तुझं? लेथच्या घरी कुणाचं लग्न असणार?"

"म्याबी तेच म्हनलं. पर साहेबानं चौकशी केल्याबिगर मंजूर केली नसंल. पोळ्याला बैलाच्या मानंवर जू ठेवत नाय, खंडेनवमीला हत्याराला हात लावत नाय. रजंवरच्याला जुंपलं तर पाप लागंल." कडूबानं बिडी विझवली. "का न वाचताच सही करता व्हय तुमी?"

साऱ्या माना वळल्या. नानासाहेबांची छाती आपसूक पुढं आली.

"मी? न वाचता? उभ्या जन्मात एका कागदावर न वाचता सही केलेली नाही!"

"मंग झालं तर," म्हणत कडूबानं मांडी ठोकली.

नानासाहेब तणतणत वर आले तेव्हा कारभारी घामानं निथळत होता.

"सवय काढून टाकली साहेब. आता एकबी मशीन रजा मागनार नाय. पर जी मंजूर झाली, ती कशी काढू? तुमची सही हाय."

"तुलाच काढतो! सत्यभामाबाई, ह्याला आत्ताच्या आत्ता कामावरून काढल्याचं पत्र टाइप करा!"

कारभारीनं मनातल्या मनात हिशेब मांडला. सहा महिन्यांची मेहनत गेली, दौलताबादची पोरगी गेली, आणि आईला काय तोंड दाखवायचं ते वेगळंच. बिचाऱ्याला रडूच फुटायचं बाकी होतं.

सत्यभामाबाईंनी टाइपरायटरला हातही लावला नाही.

"साहेब, पण औताडे तर कायम झालेत. सकाळच्या गठ्ठ्यात लेथच्या खालीच त्यांची ऑर्डर होती. हे बघा, तुमची सही."

"अहो, पण ती मी वाचलीच नव्हती!"

"काय म्हनले साहेब?" दारातून आवाज आला. मशीनच्या रजेपायी मिळालेली सुट्टी कामाच्या तासांत धरणार का, ते विचारायला कडूबा वर आला होता आणि त्याच्या मागं जिन्यावर अर्धा कारखाना उभा होता.

नानासाहेबांनी कडूबाकडं पाहिलं, मग जिन्याकडं पाहिलं.

"म्हणालो की... दोनदा वाचली होती," ते म्हणाले, आणि कारभारीपुढं हात केला. "अभिनंदन, औताडे."