कोरड्या घरातली ओल

“या गावात पूर्ण उघडे डोळे तीनच,” भाऊजी सांगत. “दोन माझे आणि एक माझ्या भिंगाचा.” जन्मल्याजन्मल्या आपण सुईणीची उलटतपासणी घेतली होती, असंही ते सांगत. त्यांच्या सासूबाईंचं मत निराळं होतं, पण सासूबाईंना विचारतो कोण? मेहुण्याला तर तेवढंही कुणी विचारत नव्हतं. बहीण भाऊजींना दिली तेव्हापासून त्यांची बॅग उचलणं त्याच्या कपाळी आलं होतं. बॅगेत भिंग, मोजपट्टी, खोटी मिशी आणि पित्ताच्या गोळ्या.

गावचे गुप्तहेर म्हणून भाऊजींना आजचं बोलावणं शोभेच्या झाडांच्या एका मोठ्या रोपवाटिकेतून आलं होतं. तिथे तीन काचघरं ओळीनं उभी होती. पहिलं थंड, कॅमेलियांसाठी. मधलं दमट, ऑर्किड आणि नेच्यांसाठी. शेवटचं खडखडीत कोरडं, ते निवडुंगांचं. ज्याला त्याला मानवेल तशी हवा. आणि नेमके त्या कोरड्या घरातले निवडुंग बुडाशी सडायला लागले होते.

“कुणीतरी पाणी घालतंय!” मालक गरजले. अंगात कडक इस्त्रीचा पांढरा शर्ट, बोट माळीकाकांकडे. “जो कुणी या घरात पाणी आणत असेल, तो आज संध्याकाळी फाटकाबाहेर. मग तो कुणी का असेना!”

“मालक, बावीस वर्षं झाली,” माळीकाका म्हणाले. “महिन्यातून एकदा पाणी देतो, तेही हात आखडून.” पण मालकांनी मान फिरवली. काकांनी आपली पिशवी आधीच भरून दाराशी ठेवली होती.

भाऊजींच्या डोक्यात मात्र तर्क उसळत होते. सडलेला एक निवडुंग त्यांनी भिंगातून दहा मिनिटं न्याहाळला.

“आत्महत्या,” ते म्हणाले.

“पंधरा निवडुंगांची?” मेहुण्यानं विचारलं.

“सामूहिक.” मग त्यांनी विचार बदलला. “नाही! शेजारच्या दमट घरातल्या नेच्यांचं कारस्थान. वर्षानुवर्षं शेजारी राहून यांना कोरडी हवा आणि त्यांना फवारे. मत्सर, मेहुण्या, मत्सर!”

“पाणी तर नेच्यांना मिळतं. मग मत्सर निवडुंगांना वाटायला हवा ना?”

भाऊजींनी ते ऐकलं नाही. ते माळीकाकांकडे वळले. “तुम्ही इथे बसून रडता का?”

“आजवर नाही,” काका म्हणाले. “आता मात्र रडू येतंय.”

तेवढ्यात भाऊजींना डोक्याच्या उंचीवर आडवी बांधलेली तार सापडली. ती आपण बांधलेली नाही, असं काका म्हणताच ती गळफासाची ठरली. खाली मेहुण्याला एक चिमटा मिळाला.

“भाऊजी, हा कपड्यांचा चिमटा आहे.”

“तसा दिसतो खरा. गुन्हेगाराला हेच तर हवंय!”

मेहुण्यानं सुस्कारा सोडला आणि काकांना बाजूला घेतलं. हवेतली ओल दाखवणारं एक यंत्र भिंतीवर होतं. त्याचा काटा कधी चढतो, असं त्यानं विचारलं.

“रोज दुपारी. मी जेवून येतो तोवर चढलेला असतो. मालकांना दहादा सांगितलं, ते म्हणतात यंत्र बिघडलंय.”

“मग आज जेवायच्या वेळी इथेच लपून बसलं तर?”

“माझ्या मनातलं बोललास,” भाऊजी म्हणाले, आणि स्वतःची योजना असल्यासारखी ती मालकांना समजावून सांगितली.

दुपारी चौघे लपले. मालक, काका आणि मेहुणा पोत्यांच्या थप्पीमागे गेले. भाऊजींनी खोटी मिशी लावली आणि ते तारेखालच्या सगळ्यात उंच निवडुंगाच्या आडोशाला टेकून बसले. कुठे टेकलो ते त्यांना लगेच कळलं, पण गुप्तहेर ओरडत नसतो. त्यांच्या डोळ्यांतून फक्त पाणी आलं.

दार उघडलं. बादली खणखणली. पावलं थेट तारेखाली आली, आणि भाऊजींच्या डोक्यावर पाणी निथळणारी एक भलीमोठी चादर पडली.

“मेलो! वाचवा!” चादर ओरडत उठली आणि काट्यांसकट धावली.

“अगंबाई!” बादलीवाल्या बाई दचकल्या. “माणूस आहे होय आत? मला वाटलं, दगडच मांडलाय शोभेचा.”

मालक पोत्यांमागून बाहेर आले आणि जागच्या जागी थिजले. “आई! तू?”

“मग कोण? तुला रोज दोन पांढरे शर्ट लागतात, ते कडकडीत वाळलेले. तीन आठवडे ऊन नाही. बाहेर घातलं की वास मारतो, नि मग तू ताट सरकवून उठतोस. इथे तासाभरात वाळतं सगळं. किल्ली आपल्या स्वयंपाकघरात खिळ्याला असतेच.”

“पण इतके दिवस बोलली का नाहीस?”

“मला विचारलंस कधी? तू चोर शोधत होतास.” मग आईंची नजर दाराशी ठेवलेल्या पिशवीवर गेली. “ही कुणाची?”

मेहुण्यानं सगळं सांगितलं. आईंनी बादली खाली ठेवली आणि पदराला हात पुसले.

“मग चला. पाणी मी आणलं. संध्याकाळी फाटकाबाहेर ना?”

“तसं नको हो मालक,” माळीकाका घाईघाईनं पुढे झाले. “आईंना राहू द्या. या वयात कुठे जातील?”

मालकांचा चेहरा शर्टाहून पांढरा झाला. त्यांनी तारेवर अडकवायचे ओले शर्ट बादलीतून काढून खांद्यावर घेतले. इस्त्री भिजली, पण त्यांनी तिकडे पाहिलं नाही.

“माझ्या अंदाजाप्रमाणेच,” भाऊजी मिशी पिळत म्हणाले. “शर्टांवर माझा पहिल्यापासून संशय होता.” पिळता पिळता मिशी हातात आली.

मालक काकांसमोर उभे राहिले. घसा खाकरला. “काका, चुकलो मी. पिशवी सोडा.”

“काय म्हणालात?” काकांनी कानाला हात लावला. “पंख्याच्या आवाजात ऐकू नाही आलं.”

“चुकलो म्हटलं!” मालक मोठ्यानं म्हणाले. दमट घरातली गिऱ्हाइकंसुद्धा वळून बघायला लागली.

काकांनी समाधानानं मान डोलावली आणि पिशवी उचलून आत नेली. त्या घरात पंखा नव्हताच. मेहुण्यानं छताकडे पाहिलं आणि हसू दाबत बॅग उचलली. भाऊजी पंख्याचे ठसे घ्यायला निघाले होते.