तृप्तीच्या शिसवी खुर्चीचं अपहरण

किशोर धात्रकच्या नजरेतून मुंगीसुद्धा सुटत नाही, असं अख्खं इंदिरानगर म्हणतं. निदान किशोर तरी तसं सांगतो, आणि तो इंदिरानगरातच राहतो. बुद्धी तल्लख, चाल चित्त्याची. फक्त चष्मा कुठे ठेवला ते आईला विचारावं लागतं.

म्हणूनच समोरची तृप्ती रडवेली होऊन दारात आली, तेव्हा त्याला मुळीच आश्चर्य वाटलं नाही.

"किशोरदादा, माझी खुर्ची गेली!"

खुर्ची द्वारका चौकाजवळच्या जुन्या फर्निचरच्या दुकानातून परवाच आणलेली. शिसवी, कोरीव हातांची. तृप्तीच्या घरात सगळं कसं एका रंगाचं, सेटमध्ये घेतलेलं. स्वतःच्या पसंतीने तिने आणलेली ही पहिलीच वस्तू. आई, मालनबाई, एवढंच म्हणाल्या होत्या, "लोक जुनं काढून टाकतात, आमची लेक घरात आणते!" तृप्तीला ते फार लागलं होतं. आता ऑफिसातून येऊन बघते तर खुर्ची नाही, आणि आई भिशीला गेलेली.

"आईने भंगारात दिली असेल तर मी बोलणारच नाही तिच्याशी. फोन करून विचारू?"

"खबरदार! संशयिताला विचारायचं नसतं. तो सावध होतो."

तृप्तीच्या हॉलमध्ये झालरीच्या कव्हरांची नुसती गर्दी होती. किशोर कोपऱ्यातल्या खुर्चीत ऐसपैस बसला आणि चहा आल्यावर विचार करू लागला.

"फरशीवर ओरखडे आहेत. म्हणजे खुर्ची ओढत नेली. चोर अशक्त आहे."

"ते कपाट सरकवल्याचे आहेत."

"मग वाळवी! रातोरात फस्त."

"सकाळी तर होती. आणि भुसा कुठंय?"

"तोही खाल्ला. पुरावा ठेवत नाही ती."

इतक्यात मालनबाई आल्या. "अरे किशोर, नव्या कव्हरवर चहा सांडशील हां!"

"काकू, आता कबूल करा. शिसवी खुर्ची कुठे दडवलीत?"

"दडवली? तू बसलायस की तिच्यावर!"

किशोर ताडकन उठला. तृप्तीने कव्हर वर केलं. खाली कोरीव हात.

"मला कल्पना होतीच," किशोर म्हणाला, "म्हणून तर पुरावा धरून बसलो होतो."

तृप्तीचं तिकडे लक्षच नव्हतं. "आई, लाज वाटली ना माझ्या खुर्चीची? म्हणून झाकलीस?"

"लाज कसली? फ्रिजला, मिक्सरला, रिमोटला, सगळ्यांना कव्हर घालते मी. आपल्या वस्तूला जपायला नको? सोफ्याचं कापड उरलं होतं, दुपारभर बसून शिवलं. आपल्या घरात उघडं असतं ते फक्त पायपुसणं!"

तृप्तीचा सगळा राग विरघळला. आईने खुर्चीला घरात घेतलं होतं, आपल्या पद्धतीने. तरी ती म्हणाली, "पण मला ती बघायला आवडते गं. उघडीच राहू दे."

मालनबाईंना ते काही फारसं पटलं नाही. पण त्यांनी कव्हर काढलं, नीट घडी घातली. "बरं. धूळ मात्र तू पुसायची." मग कोरलेल्या वेलींवरून बोट फिरवलं आणि अंदाज घेत त्या हळूच खुर्चीत बसल्या.

"पाठ छान टेकते गं," त्या म्हणाल्या, आणि जेवणाची वेळ झाली तरी उठल्या नाहीत.