बारा चित्रं, बारा शेळ्या

शिंगाडे नानांनी एकदा दिवसभर काम करून त्याच दिवसाची किरकोळ रजा टाकली होती.

झालं असं, की सकाळी हजेरीपटावर सही करायची राहून गेली. नाना आले, पेट्या पुसल्या, पत्रं लावली, डबा खाल्ला आणि दुपारी चारला त्यांच्या ते लक्षात आलं. मी म्हटलं, "आत्ता करा की. अख्खं ऑफिस साक्षीला आहे." त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी त्यांना भिंतीवरचं चित्र काढून घरी न्यायला सांगत होते.

"ताई, सकाळी दहाला मी कागदावर नाय. म्हंजे मी आलोच नाय."

आणि रजेचा अर्ज माझ्या टेबलावर ठेवून हा न आलेला माणूस साडेपाचपर्यंत काम करत बसला.

"कागदावर हाय तर हाय, नाय तर नाय." नानांचं सगळं तत्त्वज्ञान या एका वाक्यात मावतं. आमच्या छोट्या कलासंग्रहालयाच्या अभिलेख खोलीत बसून त्यांनी पस्तीस वर्षं ते पाळलं. आमची कायमची दालनं बघायला शाळेच्या सहली येतात आणि उन्हातून सावलीला आलेली माणसं येतात. खरी गर्दी होते ती विशेष प्रदर्शनाला. बाहेरून चित्रं येतात, महिनाभर राहतात, परत जातात. मागे उरतात भिंतीतले खिळे आणि नानांची पेटी.

प्रत्येक प्रदर्शनाची एक पेटी. तिच्यात निमंत्रणपत्रिका, चित्रमालकांची पत्रं, कोणतं चित्र कुठं लावलं त्याचा नकाशा, अभिप्रायांची वही. आणि या सगळ्यावर, पेटीतल्या देवासारखी, नानांची नोंदवही. इतर ठिकाणी अशा वहीत चित्राचं नाव, लांबी, रुंदी आणि कोपरा फाटलाय का एवढं लिहितात. नाना जे लिहीत ते मी इथे आल्यावर पहिल्यांदा वाचलं आणि हसून हसून माझा चहा नाकात गेला.

"दीपप्रज्वलन. काड्या सात लागल्या. पंखा बंद करायचं कुणालाच सुचलं नाय."

"पाहुणे पाऊण तास बोलले. लोक चहाकडं बघत व्हते."

"चित्र चौथं. दारातून अकरा पावलं, डाव्या हाताला. बाई उभी हाय. रागात नाय. दूध उतू जाईल म्हणून घाईत असल्यासारखी."

मी म्हटलं, "नाना, हे असं कुणी लिहितं का? शैली लिहा, काळ लिहा. अकरा पावलं कशाला?"

"असू द्या ताई. कुणाला लागलं तर?"

कुणाला लागणार होती ती पावलं, देव जाणे. साल नावाची गोष्ट नानांना ठाऊकच नव्हती. त्यांचं सगळं आयुष्य प्रदर्शनांवर मोजलेलं. थोरल्या मुलीचं लग्न 'हातपंख्यांच्या प्रदर्शनात' झालं, पडेगावचं घर 'जुन्या नकाशांच्या' वेळी बांधलं. मी गारखेड्यात फ्लॅट घेतला तेव्हा त्यांनी गंभीरपणे विचारलं होतं, "म्हंजे बिदरी भांड्यांच्या प्रदर्शनाआधी का नंतर?"

त्यांच्या दोन खोडी मात्र मला उलगडत नव्हत्या. एक म्हणजे, प्रदर्शन चालू असेपर्यंत संध्याकाळी ती नोंदवही मेणकापडात गुंडाळून ते घरी न्यायचे. हे नियमाविरुद्ध होतं. नियमासाठी स्वतःची रजा टाकणारा माणूस हे कसं करतो, असा प्रश्न मला पडायचा. पण वही रोज दहाला परत टेबलावर असायची, म्हणून मी कानाडोळा करायचे. दुसरी खोड त्या खोडरबराची. सकाळी आले की उदबत्ती लावायची, खालून बाटली भरून आणायची आणि मग पाव तास खसाखसा काहीतरी खोडत बसायचं. टेबलावर रबराचा एवढा चुरा पडायचा की चिमण्यांना दाणे वाटावेत. मला वाटायचं, शुद्धलेखन सुधारत असतील.

नाना निवृत्त व्हायला सव्वा महिना उरला होता, तेव्हा पुण्याच्या टिळेकरांच्या घरातल्या बारा चित्रांचं प्रदर्शन लागलं. त्यात त्यांच्या पूर्वजांची व्यक्तिचित्रं होती आणि मुलानं हौसेनं घेतलेली दोन-तीन आधुनिक चित्रंही. त्याच सुमारास आमच्याकडे सगळे अभिलेख संगणकात भरायची टूम निघाली. एका सकाळी स्कॅनिंगवाले दहालाच दारात हजर. नाना वही टेबलावर ठेवून पाणी आणायला खाली गेले होते. आणि इथे माझी अक्कल चरायला गेली. मी ती वही उचलली आणि स्कॅनिंगवाल्यांच्या हातात दिली.

नाना बाटली घेऊन वर आले. रिकाम्या टेबलाकडे बघत उभे राहिले.

"ताई, ते मशीन पेन्सिलीचं बी घेतं का हो?"

"सगळं घेतं नाना. पानावर माशी बसली असेल तर तिलाही घेतं."

नाना खाली बसले. त्या दिवशी त्यांनी डबा उघडला नाही. मला वाटलं, पोट बिघडलं असेल.

प्रदर्शन संपलं, चित्रं परत न्यायला टिळेकर स्वतः आले. पांढऱ्या मिशा, हातात काठी, प्रत्येक कागद दोनदा वाचणारा माणूस. नव्या पद्धतीप्रमाणे नानांच्या वर्णनाची, स्कॅनवरून टाइप केलेली प्रत आम्ही त्यांना दिली. एकेक चित्र कागदाशी ताडून पाहायचं आणि शेवटी सही करायची, अशी रीत. टिळेकर पहिल्या चित्रापाशी उभे राहिले, कागद वाचला, चित्र पाहिलं, परत कागद वाचला.

"बाई, यातली शेळी कुठंय?"

"कसली शेळी?"

"हे काय लिहिलंय. 'सरदार बसले हायेत. गुडघा दुखत असावा. मागं डाव्या कोपऱ्यात पांढरी शेळी.'"

मी चष्मा पुसला. शेळी कागदावर होती, चित्रात नव्हती. दुसऱ्या चित्रात 'शेळी, झाडाखाली'. नुसते लाल-निळे पट्टे असलेल्या आधुनिक चित्रात 'निळ्या पट्ट्यावर पांढरी शेळी, रवंथ करतीय'. टिळेकरांच्या चेहऱ्याचा रंग त्या लाल पट्ट्याकडे झुकत चालला होता. मग आलं त्यांच्या आजीचं मोठं तैलचित्र. 'आजीबाई लई करारी. पायाशी पांढरी शेळी, पदर खातीय.'

"माझ्या आजीचा पदर?" टिळेकर ओरडले. "चित्रं बदललीत तुम्ही! मी एकाही कागदावर सही करणार नाही!"

दारावरचे सलीमभाई पुटपुटले, "या अल्ला, बारा की बारा में बकरी?"

आमच्या साहेबांनी नानांना बोलावलं. नाना आले, मान खाली घालून उभे राहिले. स्कॅन केलेल्या पानांवर शाईतली नोंद आणि तिच्याखाली फिकट पेन्सिलीतली शेळीची ओळ अगदी वेगळी दिसत होती. म्हणजे रोज सकाळी खोडलं जात होतं ते हे. साहेब म्हणाले, "शिंगाडे, एका ओळीत लिहून द्या. चित्रांत शेळी नव्हती. टिळेकर सही करतील, विषय संपेल."

"नाय लिवणार साहेब."

"का?"

"ते नाय सांगता यायचं."

साहेब चिडले ते चिडलेच. परवा सकाळी टिळेकर पुन्हा येणार होते; तोपर्यंत ही ओळ लिहून आली नाही, तर अभिलेखात खाडाखोड केली म्हणून सेवापुस्तकात लाल शेरा बसेल, असं त्यांनी सांगितलं. निवृत्तीला आठ दिवस राहिलेले. ज्याच्यासाठी कागद म्हणजे सगळं काही, त्याच्याच कागदावर माझ्यामुळे डाग पडणार होता. मी अभिलेख खोलीत जाऊन जुन्या नोंदवह्या काढल्या आणि खिडकीतल्या उजेडात तिरप्या धरून पाहिल्या. खोडलेल्या पेन्सिलीचे वळ उमटलेले होते. हातपंख्यांवर शेळी. जुन्या नकाशांत, देवगिरीच्या पायथ्याशी, शेळी. बिदरीच्या हुक्क्यामागं शेळी. मला हसू येत होतं आणि लाल शेराही आठवत होता.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी पाव किलो बालूशाही घेऊन मी रिक्षानं पडेगावला गेले. नाना मला दारात बघून गडबडले. अंगणात बाजेवर त्यांच्या बायको, गयाबाई, शेंगा फोडत बसल्या होत्या. बोटं सराईत चालत होती. नजर मात्र भलतीकडंच, जांभळीच्या शेंड्यावर.

"कोण, ताई आल्या व्हय? तुमीच ना खिळे ठोकून घेणाऱ्या? उद्घाटनाला हिरव्या साडीवर चा सांडला व्हता नव्हं? निघाला का डाग?"

मी चकित होऊन नानांकडे पाहिलं. ते जमिनीकडे बघत होते. मग हळूहळू सगळं माझ्या ध्यानात आलं. गयाबाईंचे डोळे साखरेनं नेले होते. प्रदर्शन चालू असताना रोज संध्याकाळी नाना त्यांना नोंदवही वाचून दाखवत. अकरा पावलं, डाव्या हाताला. उतू जाणारं दूध. सात काड्या. पस्तीस वर्षांची ती वेडगळ वर्णनं शेवटी कुणाला लागत होती, ते माझ्यासमोर बसून शेंगा फोडत होतं. त्यांनी मला विचारलं, "त्या सरदाराच्या अंगरख्याची किनार कसली वो? यांनी नुसतं सोनेरी लिवलंय." मी ते चित्र स्वतः भिंतीवर लावून घेतलं होतं. मला किनार आठवेना.

नाना चहाला दूध आणायला कोपऱ्यावर गेले. फाटक वाजलं तशी गयाबाईंनी आवाज खाली आणला.

"ताई, शेळ्या नसत्यात ना त्या चित्रांत?"

मी फाटकाकडे पाहिलं.

"मला ठाव हाय. खुलताबादकडं व्हतो तवा आमची शेरडं व्हती. त्यात एक चांदी व्हती, लई गुणाची, सारखी माझा पदर खायाची. माझे डोळे जायला लागले ना, तवा शेवटी शेवटी काईच दिसंना, नुसतं चांदीचं पांढरं तेवढं दिसायचं. ती बी गेली. मग एक दिस मी सहज इचारलं, चित्रात शेळी हाय का वो? तर हे गपच बसले. कागदावर नाय ते बोलायचं नाय, अशी खोड. दुसऱ्या दिशी वाचलं, शेळी हाय म्हणून. म्हंजे लिवून आणली असंल."

"मग तुम्ही अजून विचारता?"

"इचारते की. शेळीपाशी आले की त्यांचा आवाज हसतो." त्यांनी शेंग फोडली. "पर त्यांना सांगू नका, मला ठाव हाय म्हणून. लई मन लावून लिवतेत."

नाना दूध घेऊन आले. चहा झाला. मी त्या ओळीचा विषय काढलाच नाही. निघताना तेच फाटकापर्यंत आले आणि म्हणाले, "ताई, मला कळतंय, तुमी कशाला आल्या ते. पर शेळी नव्हती असं मी लिवलं, तर मग ती नव्हतीच की वो. एवढ्या वर्षांची."

दुसऱ्या दिवशी सकाळी साहेब यायच्या आत मी टिळेकरांना त्यांच्या आजीच्या चित्रासमोर गाठलं आणि सगळं सांगून टाकलं. नानांना सांगायचं नाही, एवढी अट घातली. टिळेकर काठीवर हात ठेवून आजीकडे वळले. मला वाटलं, आता काठी माझ्याच पाठीत बसणार.

"आमच्या आजीनं शेळीला पदर खाऊ दिला नसता हो," ते म्हणाले. "रट्टा घातला असता." आणि ते हसायला लागले. इतके हसले की सलीमभाई पाणी घेऊन धावत आले. मग त्यांनी पेन मागितलं आणि परतीच्या कागदावर, दोनदा विचार करून, वळणदार अक्षरात लिहिलं: 'चित्रे बारा, सुस्थितीत परत मिळाली. शेळ्या बारा, संग्रहालयाकडे राहिल्या.' खाली झोकात सही.

साहेबांनी तो कागद वाचला, सही पाहिली आणि लाल पेनाला टोपण घातलं. चित्रांचा मालक समाधानी असताना लाल शेरा कुणाच्या नावावर मारणार?

नानांनी तो चारदा वाचला. मग कागद कपाळाला लावला. "कागदावर हाय," ते इतकंच म्हणाले, आणि तो पेटीत सर्वांत वर ठेवला.

नाना निवृत्त झाले. नोंदी आता मी लिहिते. नवीन प्रदर्शन लागलं की नोंदींची छायाप्रत घेऊन पडेगावला जाते. नाना बाजेच्या कडेला बसून वाचतात आणि माझ्या चुका काढतात. "काड्या किती लागल्या ते लिवलं नाय ताई. पावलं बी नायत. मग कसं जायाचं तिथवर?"

परवा मातीच्या भांड्यांच्या प्रदर्शनाचं वाचून झालं. गयाबाईंनी शेवटी विचारलं, "आन् शेळी?"

नानांनी कागद उलटा करून पाहिला. पुन्हा सुलटा केला. माझ्याकडून राहूनच गेलं होतं. मी म्हटलं, "अहो, द्या इकडं. शेवटची ओळ लिहायची राहिलीय." पर्समधून पेन्सिल काढली आणि बाजेच्या लाकडावर कागद टेकवून लिहिलं. पेन्सिलीची करकर ऐकत गयाबाई तोंडाला पदर लावून बसल्या होत्या.

नानांनी चष्मा नीट केला, घसा साफ केला. "मोठ्या रांजणाच्या मागं पांढरी शेळी. उभी. इकडंच बघतीय."

"व्हय? कुणाकडं?"

तेवढं मी लिहिलं नव्हतं. नानांनी कागद पाहिला. मग तो घडी करून बाजूला ठेवला, आणि कागदावर नसलेलं बोलताना मी त्यांना पहिल्यांदाच ऐकलं.

"तुझ्याकडं."